हेरेकर काकांचा होकार

ध्यानमंदिरात त्या दुपारी सत्तावीस आसनं अंथरलेली होती. चोवीसांवर माणसं, तीन रिकामी. पुढे चौरंगावर समई, तिच्या पाच वातींपैकी दोनच लावलेल्या. समईशेजारी पितळेचं पातेलं, त्यावर केळीच्या पानाचा तुकडा. आत पंचामृत होतं. नैवेद्य व्हायचा असल्यामुळे त्याला कुणी हात लावायचा नव्हता. डाव्या बाजूला पडदा आणि पडद्यामागे मौन धरलेल्या चार बायका. सगळ्यांत मागे, दाराला लागून, लाल प्लॅस्टिकची एक खुर्ची. एरवी चपला काढताना टेकायला ती ठेवलेली असायची. त्या दुपारी तिच्यावर हेरेकर काका येऊन बसले होते.

मी तीनदा मागे वळून पाहिलं. ध्यानाला बसल्यावर मान वळवायची नसते, पण मला राहवेना. काकांनी सुई टोचून घेतली होती की नाही, एवढंच मला हवं होतं, आणि विचारायची सोय नव्हती. घंटा झाल्यावर मंदिरात बोलत नाहीत. मी दंडावर बोट टेकवून खुणेनं विचारलं. काकांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि बसलेल्या माणसांकडे हात केला. गप्प बस, लोक ध्यानात आहेत. देव न मानणारा तो माणूस आमचा नियम मला शिकवत होता.

शैलजाकाकूंनी नवऱ्याला माझ्या हवाली केलं होतं, आणि मग त्या पडद्याआड गेल्या होत्या.

आमचं साधना केंद्र आजऱ्याच्या बाजूला काजूच्या बागांत होतं. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी.ची परीक्षा देऊन, निकाल लागेपर्यंत मी तिथे राहायला गेले होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मी ध्यानाला बसत होते. प्रयोगशाळेत मैत्रिणी मला ‘आमच्या साध्वी’ म्हणून चिडवायच्या आणि केंद्रावर माझी ओळख ‘सायन्सवाली’ अशी करून दिली जायची. केंद्र चालवायच्या त्या अक्का. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, पाच वाक्यांचं काम दोनात भागवणाऱ्या.

शैलजाकाकूंना तीन दिवसांचं मौन करायची फार वर्षांची इच्छा होती. पण नवऱ्याला एकटं घरी ठेवायची त्यांची छाती होत नव्हती. काकांना मधुमेह, दोन वेळा जेवणाआधी इन्सुलिन. आदल्या वर्षी गडहिंग्लजच्या स्टँडवर ते कोसळले होते. लोकांनी दारू प्यायलेला समजून तासभर बाकावर आडवं करून ठेवलं होतं. जाग आली ती दवाखान्यात. म्हणून काकू त्यांना बरोबर घेऊनच आल्या.

मौन सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला विहिरीपाशी बोलावलं.

“आमचे हे देव मानत नाहीत आणि पथ्यही मानत नाहीत,” त्या म्हणाल्या. “एकच गोष्ट घड्याळासारखी करतात, ती सुई. जेवणाची घंटा ऐकली की टोचून घेतील. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत पान समोर आलं पाहिजे. तू शिकलेली आहेस, तुला वेगळं सांगायला नको. तीन दिवस मला काही विचारता येणार नाही, बाळा. त्यांचा जीव तुझ्यापाशी ठेवून मी गप्प बसणार आहे.”

मी हो म्हटलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

हेरेकर काका मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांच्या बांधांवरून साखळी ओढली होती. पहिल्याच दिवशी जेवताना त्यांची नलवडे सरांशी जुंपली. नलवडे सर म्हणजे केंद्राचे उत्साही कार्यकर्ते. घंटा वाजवणं, माणसं गोळा करणं, नव्यांना समजावणं हे सगळं त्यांच्याकडे. त्यांनी समोरच्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं, देव नाही म्हणता, मग हे कुणी वाढवलं? काका म्हणाले, काजूचं आहे, बागवान पलीकडेच आळी खणतोय, त्याला विचारून घ्या. वाढपी हसले. सरांनी ताक न घेताच पान उचललं.

संध्याकाळी अक्कांनी मला बोलावलं. नलवड्यांना हेरेकरांपासून जरा लांब ठेव, म्हणाल्या, तूच बोल त्यांच्याशी. मी म्हटलं, मला नाही जमायचं कुणाला पटवायला.

“पटवायला जाऊच नकोस. ते काय मानत नाहीत, ते नीट ऐकून घे. बघ, त्यातलं बरंचसं आपणही मानत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांबरोबर बागेत फिरायला गेले आणि सरळच विचारलं, तुम्ही नेमका कुठला देव मानत नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे आजवर कुणी विचारलंच नसावं. मग बोटांवर मोजत सांगू लागले. नारळ घेऊन मोजणी फिरवणारा. बाईच्या चार दिवसांवर रागावणारा. बस नदीत गेल्यावर एकाला वाचवणारा आणि बाकीच्यांबद्दल काही न बोलणारा. मी म्हटलं, यातला एकही मी मानत नाही.

“मग तू कसली आस्तिक? आमच्यातच ये की.”

“पण मी ध्यानाला बसते.”

“बसल्यावर काय होतं?”

मी सांगायला लागले, आत शांत होतं. त्यांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय थांबतं? विचार थांबतात की विचारांकडे बघणारी थांबते? झोप कुठे संपते आणि हे कुठे सुरू होतं, हद्द कुठे पडते? माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांचं एक ‘कशावरून’ तयार असायचं. दोनदा मी चिडले. एकदा तर मी म्हणाले, तुम्हाला अनुभवच नाही तर बोलता कशाला? ते शांतपणे म्हणाले, मला नाहीच, म्हणून तर ज्याला आहे त्याला विचारतोय. त्या संध्याकाळी ध्यानाला बसले तेव्हा मी पहिल्यांदा ती हद्द शोधून पाहिली. सापडली नाही. पण इतक्या बारकाईनं मला माझ्या ध्यानाबद्दल कुणीच विचारलं नव्हतं, अक्कांनीसुद्धा नाही.

होकार मात्र त्या माणसाकडे नव्हताच. आज उकडतंय, असं म्हटलं तर म्हणायचे, उकाडा कालच्याएवढाच आहे, वारा पडलाय. भाजी बरी झाली ना, विचारलं तर वाढप्याला सांगायचे, मीठ वेगळं ठेवत जा. प्रत्येक जेवणाच्या वेळी मी घंटेआधीच त्यांच्या खोलीपाशी जाऊन उभी राहायची, सुई टोचलेली बघायची, आणि पहिला घास तोंडात गेल्याशिवाय हलायची नाही. त्यावरही त्यांची टिप्पणी होती. तुझ्यासारखा शिपाई मला खात्यात कधी मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मौन सुटायचं होतं. अक्कांनी ऐन वेळी ठरवलं की मौन सोडण्याआधी सगळ्यांनी मिळून थोडा वेळ ध्यानाला बसावं, मग नैवेद्य आणि मग जेवण. मी मंदिरात आसनं अंथरत होते. ध्यानाची घंटा पितळेची आणि लहान. तिचा आवाज बागेपर्यंत जात नाही. माणसं काजूच्या झाडांखाली पांगलेली होती म्हणून नलवडे सरांनी स्वयंपाकघराबाहेर टांगलेला रुळाचा तुकडा बडवला. जेवणाला बडवतात तोच.

मी तो आवाज ऐकला. उठून काकांच्या खोलीकडे जावं म्हणून दारापर्यंत आले, तोवर माणसं आत येऊ लागली होती आणि त्यांच्यामागून काकाही. इतक्या लवकर? मला वाटलं, सुई न टोचताच कुतूहलानं आले असतील. मग वाटलं, कशावरून? मी खूण केली, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

ध्यान थोडा वेळच चालायचं होतं. माझे डोळे मिटत नव्हते. स्वयंपाकघरातून वरणाच्या फोडणीचा वास आला आणि विरला. अक्का एरवी वेळेवर ओम् म्हणून उठवायच्या, त्या दिवशी उठवलं नाही. चौथ्यांदा मागे पाहिलं तेव्हा काका ताठ बसून होते, हात मांड्यांवर, डोळे उघडे. पाचव्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मंदिरात पंखा नव्हता. माझ्याही मानेवर घाम होता. मी स्वतःला समजावलं, उकाडा कालच्याएवढाच आहे.

शेवटी अक्कांनी डोळे उघडले. पण लगेच उठायचं नव्हतं. त्या आसनांमधून फिरत एकेकापाशी थांबायच्या, खांद्यावर हात ठेवायच्या, कुणाला काही सांगायचं असलं तर ऐकायच्या. हे चाललेलं असताना बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. नलवडे सर त्यांच्या मागे तांब्या घेऊन. अक्का रांगेरांगेनं पुढून मागे जात होत्या. मी मनात म्हणत होते, लवकर, लवकर. एका बाईंना रडू आलं, अक्का तिथेच बसल्या. मी उठले आणि वाकून मागे सरकू लागले. सरांनी डोळे वटारून मला खाली बसवलं.

अक्का लाल खुर्चीपाशी पोचल्या तेव्हा काकांच्या गालांवर पाणी होतं. घाम की आसवं, ते मला लांबून कळेना. ओठ थरथरत होते. अक्कांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, “श्रीपतराव, काही जाणवतंय?”

“हो,” काका म्हणाले.

मंदिरात सगळ्यांना ऐकू गेलं. माना वळल्या. नलवडे सरांनी तांब्या खाली ठेवून हात जोडले. अक्कांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

“आत कुणी आहे, असं वाटतंय?”

“हो.”

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. त्या माणसाच्या तोंडून होकार निघाला तर त्यामागे ‘पण’ यायलाच हवा होता. नाहीतर निदान ‘कुणी म्हणजे कोण’ एवढं तरी. काही आलं नाही. मागच्या बाजूला कुणीतरी नामस्मरण सुरू केलं. सर कानात पुटपुटल्यासारखं म्हणाले, नमस्कार करता का काका, समईला? काका म्हणाले, हो. त्यांनी हात उचलले. दोन्ही तळवे एकमेकांजवळ आले आणि एकमेकांना चुकवून पुढे गेले.

मी उठले आणि आसनं तुडवत मागे गेले.

“काका, तुम्ही रेल्वेत होता ना नोकरीला?”

“हो.”

“इंजिन चालवायचा?”

“हो,” ते म्हणाले, अगदी गोड, लहान मुलासारखे.

“इंजेक्शन टोचलंय?”

“हो.”

या होकारावरही आता भरवसा ठेवायची सोय नव्हती. त्यांचं मनगट धरलं तर गार आणि ओलं लागलं. नलवडे सरांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. त्यांचा राग खरा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बाळ, आत्ता नको. अशी अवस्था माणसाला पुन्हा येत नाही. आयुष्यभर नाही नाही म्हणणारा माणूस आज…”

“सर, म्हणूनच,” मी म्हटलं, आणि त्यांचा नाद सोडून अक्कांकडे वळले. साखर, रक्त, मेंदू हे सगळं तोंडावर आलं होतं, पण तेवढं सांगायला वेळ नव्हता. “अक्का, हे काका नाहीत. तीन दिवसांत मला त्यांच्याकडून एक हो मिळालेला नाही. तुम्हाला इतके कसे मिळतील?”

अक्का माझ्याकडे पाहत राहिल्या. तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून जायला थोडा वेळ लागला.

“काय हवंय?” त्यांनी विचारलं.

“गोड. पातळ. आत्ताच्या आत्ता.”

त्या जवळजवळ पळत चौरंगाकडे गेल्या. केळीचं पान बाजूला पडलं. अजून नैवेद्य व्हायचाय अक्का, असं सर मागून म्हणाले.

“होतोय,” अक्का म्हणाल्या, आणि पातेलं घेऊन आल्या.

पंचामृतात साखर आणि मध होता, पण दूध-दहीही होतं, त्यानं साखर रक्तात उशिरा पोचते. मला निव्वळ साखरेचं पाणी हवं होतं. मी सरांना स्वयंपाकघरात पिटाळलं. ते धावले, तेही त्यांना शोभणार नाही इतक्या वेगानं. अक्कांनी पळीनं काकांच्या तोंडाशी पंचामृत धरलं. ते ओठांच्या कडेनं ओघळून सदऱ्यावर गेलं. काकांची नजर आमच्यातून आरपार चालली होती. तोंडात गेलेला घोट तिथेच होता. गिळता येत नसेल तर आणखी घालून चालणार नाही, ठसका लागेल, हे मला माहीत होतं. आणि गिळलं नाही तर काय होतं, तेही. मी त्यांचा गळा बघत होते. काकूंना मी काय सांगणार होते?

पडदा सरकला. काकू बाहेर आल्या. इंजेक्शन हा शब्द आत ऐकू गेला असणार. त्या कुणाकडे न पाहता आमच्यापर्यंत आल्या, नवऱ्याच्या समोर गुडघे टेकून बसल्या आणि त्याची हनुवटी धरली. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. क्षणभर मला वाटलं, त्या तशाच राहणार.

“अहो, गिळा,” त्या म्हणाल्या.

तीन दिवस न वापरलेला आवाज; खरखरीत, पण रोजच्या हुकमतीचा. काकांचा गळा हलला.

“अजून. गिळा म्हणते ना.”

गळा पुन्हा हलला. सर साखरेचं पाणी घेऊन आले, निम्मं वाटेत सांडलेलं. पंचामृत बाजूला ठेवून आम्ही ते घोट घोट दिलं. काकूंनी कमरेची, आपल्या बॅगेची किल्ली काढून माझ्याकडे टाकली. मी खोलीत धावले. टेबलावर इन्सुलिनचं पेन उघडं पडलं होतं, सुईचं टोपण शेजारी. काकांचा तो होकार तेवढा खरा होता. साखर मोजायचं यंत्र काकूंच्या बॅगेत, कुलपात होतं.

परत येऊन मी त्यांचं बोट पुसून टोचलं. पट्टीवर थेंब घेताना अक्कांनी माझं मनगट धरलं. यंत्राच्या पडद्यावर त्रेचाळीस आलं. आकड्याचा अर्थ काकूंना कळत होता. त्यांनी पदर तोंडाशी नेला. अक्कांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं की सत्तरच्या खाली धोका सुरू होतो, आणि हे साखर पोटात गेल्यानंतरचं आहे. सर दाराबाहेर जाऊन आजऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावू लागले. अक्कांनी जीप तयार ठेवायला सांगितली. फोन लागत नव्हता.

सगळे आपापल्या आसनांवर बसून होते. कुणी नामस्मरण करत नव्हतं. सगळं मंदिर हेरेकर काकांच्या तोंडाकडे बघत होतं. मी त्यांच्याशी मुद्दाम बोलत राहिले. रेल्वेतली नोकरी कशी होती? निदान ‘हो’ येत नव्हता, एवढंच. काकू त्यांचा तळवा चोळत होत्या. अक्कांनी सदऱ्यावरचं पंचामृत आपल्या पदरानं टिपलं. मी घड्याळाकडे पाहत होते. पंधरा मिनिटं झाल्याशिवाय पुन्हा मोजून उपयोग नव्हता.

काही वेळानं काकांनी डोळे मिटून उघडले. सभोवती पाहिलं. इतकी माणसं आपल्याकडे का बघतायत, याचा त्यांना अंदाज येत नव्हता.

“श्रीपतराव,” अक्कांनी विचारलं, “आता बरं वाटतंय?”

काकांनी थोडा विचार केला.

“नाही,” ते म्हणाले.

काकूंना रडू फुटलं. अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःचेही डोळे पुसले. नलवडे सर फोन तसाच हातात धरून आत आले होते. ते गुडघ्यांवर बसले आणि अगदी मनापासून म्हणाले, “अक्कांच्या हातचं पंचामृत लागू पडलं, काका.”

काकांनी सदऱ्यावरच्या डागाकडे पाहिलं, मग रिकाम्या पेल्याकडे. जीभ अजून जड होती. “पेल्यात काय होतं?”

“साखरेचं पाणी,” सर म्हणाले.

“मग कशानं लागू पडलं, हे तुम्ही कसं ठरवलं?”

अक्का हसल्या. “बरोबर आहे त्यांचं,” त्या म्हणाल्या, “ते आपल्याला कळायचं नाही. लागू पडलंय की नाही, एवढं तरी बघू.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काकांचं दुसरं बोट पुसलं. “मोज,” ते म्हणाले. “आणि मोठ्यानं वाच.”

पंधरा मिनिटं होऊन गेली होती. थेंब पट्टीवर चढला. मी मोठ्यानं वाचलं.

“शहाऐंशी.”